बेल दाबायच्या आधी

समता हिवराळेला किळस सहसा येत नसे. वीज कंपनीत लाइनवर काम करणाऱ्या बाईला ती परवडतही नाही. ट्रान्सफॉर्मरला चिकटून करपलेली वटवाघळं, डीपीच्या पेटीत शिरून मेलेला साप, पावसाळ्यात खांबाच्या बुडाशी फुगलेली घूस, असलं सगळं तिने हातमोजे घालून बाजूला केलं होतं आणि मग साबणाने हात धुऊन तिथेच बांधावर बसून भाकर खाल्ली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घशाशी जे आलं ते तिच्या स्वतःच्या, नव्या, चकचकीत घराच्या दारात आलं. तेही मोबाइलच्या पडद्यावर.

ती मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बाप भाऊराव दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचा, हंगाम सरला की जिनिंगवर गाठोडी उचलायचा. पोरीने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स घेतला तेव्हा गावात हसले. वीज कंपनीत लागून ती पहिल्यांदा खांबावर चढली तेव्हा तेच लोक खाली उभे राहून माना वर करून बघत होते. पुढे एसटी डेपोत कारकून असलेल्या प्रेमानंदशी लग्न झालं, महामाया झाली, आणि दोघांच्या पगारातून खामगावच्या बाहेरच्या अंगाला, नव्या ले-आउटमध्ये घर उभं राहिलं. कॉलनीत सगळ्या जातींची घरं होती. कोण कुठला ते नावाच्या पाटीवरून कळत होतं, पण विचारत कोणी नव्हतं. समताला ते फार आवडलं होतं.

घरात फोनवर चालणाऱ्या वस्तू आणायचा तिला नाद होता. नादच म्हणायचा, कारण साडीच्या दुकानात तिचा पाय ठरत नसे आणि असली वस्तू दिसली की ती डबा उलटासुलटा करून वाचत बसे. आधी रंग बदलणारे बल्ब आणले. महामाया दोन दिवस नाचली आणि मग सगळ्यांनाच पांढरा उजेड बरा वाटला. बोलणारा स्पीकर आणला, तर त्याला वऱ्हाडी कळेना. आई पंचफुला आली की त्याच्यावर ओरडायची, "पंखा लावजो म्हणून राह्यली ना मी!" आणि तो इंग्रजीत माफी मागायचा. पण पाण्याच्या मोटारीचा स्विच खरा कामाचा निघाला. खामगावात नळ येतो तो त्याच्या मर्जीने, आणि तेव्हा समता कुठेतरी खांबावर असायची. आता तिथूनच फोनवर बोट ठेवलं की घरी टाकी भरायला लागे. गॅस गळला तर कोकलणारं यंत्रही तिने घेतलं. आणि शेवटी दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली. दारात कोणी आलं की फोन वाजायचा, माणूस दिसायचा, बोलता यायचं, आणि सगळं आतल्या कार्डात साठून राहायचं.

या वस्तू बघायला सगळ्यात जास्त कोण यायचं, तर आशाकाकू.

आशाबाई समोरच्या दुमजली घरातल्या. जळगाव जामोदकडे त्यांची मोठी शेती, यजमान भगवानराव कॉलनीत वजनदार माणूस. काकू गोड बोलायच्या. "आमच्या समताच्या हाताले यश आहे बाप्पा," असं चारचौघांत म्हणायच्या. त्यांच्या मोटारीचा स्विच समतानेच बसवून दिला होता, फोनमध्ये तो कसा चालवायचा हेही तिनेच शिकवलं होतं. एकच होतं, काकूंचे उपास फार. कधी सोमवार, कधी चतुर्थी, कधी एकादशी, कधी नुसताच नवस. समताने चहा ठेवला की काकू म्हणायच्या, "आज नको माय, उपास आहे." म्हणून समताने बाजारातून राजगिऱ्याचे लाडू आणून डब्यात ठेवले. पुढच्या वेळी काकू म्हणाल्या, "आज निरंकार आहे, पाणीबी चालत नाही." समताला त्यांचं कौतुक वाटलं. सासूबाईंच्या वयाची बाई, आणि केवढा निग्रह!

उन्हाळ्यात महामाया दहावीला चांगल्या टक्क्यांनी पास झाली. काकू सुनेला, अर्पिताला, घेऊन आल्या, पोरीच्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली. समताने पेढ्याचा अख्खा बॉक्स हातात दिला. "घरी देवापुढे ठेवीन," काकू म्हणाल्या.

त्यानंतर काही दिवसांनी महामायाच्या कॉलेजच्या पुस्तकांचं पार्सल आलंच नाही. पोचवणारा म्हणे, दारात ठेवलं. समताने संध्याकाळी बेलचं रेकॉर्डिंग उघडलं आणि अंगठ्याने मागे मागे सरकवत गेली. पार्सलवाला कुठेच नव्हता, दिसल्या त्या काकू. पेढ्यांचा दिवस. बेल दाबायच्या आधीचा तो थोडासा वेळ.

काकू ओट्यावर उभ्या होत्या. अर्पिता मागे.

"पाह्य, आत गेल्यावर माहा उपास सांगजो. तुह्या पोटात दुखते म्हणजो. पाणी आणलं त गिलास हातात घ्याचा अन् तसाच ठेवून द्याचा, तोंडाले लावाचा नाही. लोकायच्या घरचं एक वेळ चालते, यायच्या घरचं नाही."

अर्पिताने मान हलवली. काकूंनी पदराच्या टोकात बोट गुंडाळलं, त्या बोटाने बेल दाबली, आणि चेहऱ्यावर हसू आणलं. तेही तिला दिसलं, कसं आणतात ते. जसा पडदा सरकवावा तसं. "कुठी आहे आमची महामाया?"

समताने पुढचा तुकडा लावला, त्या दोघी परत जातानाचा. काकू फाटकाबाहेर गेल्या, बाजूच्या रिकाम्या प्लॉटकडे वळल्या. तिथे नालीच्या चिखलात कॉलनीतली डुकरं लोळत असतात. त्यांनी बॉक्स उघडला आणि उपडा केला. डुकरं धावली. मग बॉक्सही भिरकावला. आणि परत येताना तोच हात समताच्या कंपाउंडच्या भिंतीला घासून पुसला, उलटा आणि सुलटा.

समता बघतच राहिली. तिला राग येईल असं वाटलं, पण राग आला नाही. पोटातून काहीतरी वर चढलं आणि जिभेवर आंबट पसरलं. ती मोरीत जाऊन वाकली. काही पडलं नाही.

मग ती परत येऊन बसली आणि आणखी मागे गेली. हे तिने करायला नको होतं, पण केलं. कार्डात जेवढं होतं तेवढं पाहिलं. प्रत्येक वेळी पदरातलं बोट. प्रत्येक वेळी दारात आज कोणता उपास सांगायचा ते ठरवणं. एकदा तर काकूंना आठवेना, तेव्हा दोघी सासू-सुना ओट्यावर उभ्या राहून चक्क हसल्या होत्या. आणि आत समता राजगिऱ्याचा डबा काढत होती.

प्रेमानंद डेपोतून आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ग्लास घासत होती. काकूंनी कधी तोंडालाही न लावलेले ग्लास. घासून घासून तिने त्यांच्यावर चरे पाडले होते.

त्याने क्लिप पाहिली आणि फोन परत दिला. "यात नवीन काय आहे? मी डेपोत रोज पाह्यतो. डब्याच्या वेळेले टेबलं कशी सरकतात ते पाह्य एकदा येऊन."

"तुम्ही कधी बोलले नाही मले."

"काय बोलू? घरी आणू काय ते?" मग त्याने विचारलं, "तक्रार कराची आहे काय?"

"पोलीस ठाण्यात जाऊन काय सांगू? पेढे टाकले म्हणून?" समता म्हणाली. "मले राग नाही येऊन राह्यला हो. मले घाण वाटून राह्यली. दाराले, भिंतीले, समद्या घराले."

महामायाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, कॉलनीच्या ग्रुपवर टाकू." समताने फोन तिच्या हातातून काढून घेतला. पोरीच्या पासचे पेढे डुकरं खातात हे सगळ्या कॉलनीने बघावं, हे तिला सोसवणारं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नळाचं पाणी आलं आणि आशाकाकूंची मोटार चालू होईना. समता तेव्हा उपकेंद्रावर होती. फोन वाजला, दारात कोणीतरी आहे. तिने उघडला. काकू होत्या, आणि शेजारची सुवर्णा.

"आत जावं लागन काय?" सुवर्णा विचारत होती.

"कायले? ओट्यावरच उभं राह्याचं. बोलाचं गोड. कामाची आहे बाई, फुकट करते. आपल्याले काम झाल्याशी मतलब." या वेळी काकूंनी पदर वापरला नाही. कमरेची किल्ली काढली आणि किल्लीच्या टोकाने बेल दाबली.

समताने बोलायचं बटण दाबलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला, फार शांत.

"काकू, मी कामावर आहे. तुम्ही बोलल्या ते ऐकू आलं मले."

काकू दचकून मागे सरल्या. सुवर्णा इकडेतिकडे बघू लागली.

"अन् मांगच्या वेळचंबी दिसलं. पेढे कुठी टाकले ते. माह्या भिंतीले हात पुसला ते. वरीसभराचे उपासबी ऐकले मी."

"कोण... कुठून बोलून राह्यली वं?" काकूंची नजर दारावरून फिरत फिरत बेलवर आली, त्या गोल काळ्या डोळ्यावर. त्यांचा चेहरा एवढा जवळ आला की नाकाच्या चमकीवरचा मळही दिसला. पुढच्या क्षणी त्यांनी तळहात सपकन त्या डोळ्यावर दाबला. पडदा काळा झाला. आतून नुसता आवाज येत राहिला, "बंद कर हे! बंद कर आधी! चोरून पाह्यते माणसाले!"

समता काळ्या पडद्याकडे बघत होती. तळहात बराच वेळ तिथेच होता. तिला ते उपकेंद्रावर बसल्याजागी अंगावर आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी भगवानराव आले. एकटे आले आणि ओट्यावरच थांबले. आवाज समजुतीचा होता.

"समताबाई, असं लपून रेकॉर्डिंग करणं बरं नाही. कायद्यात बसत नाही ते."

"माहं दार आहे, दादा. लपून काही नाही. बेल समोरच आहे."

"बाईमाणूस बोलून गेलं काहीतरी. जुनं वळण आहे. तुम्ही शिकल्या-सवरल्या, तुम्ही मनाले लावून घेता?" मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "केसबीस करायचा विचार आहे काय?"

"नाही."

भगवानरावांचे खांदे सैल झाले. काय बोलली, कधी बोलली, पेढे कसले होते, एक शब्द त्यांनी विचारला नाही. फक्त त्या क्लिप पुसून टाका म्हणाले. समताने बेलकडे नुसतं पाहिलं. तेव्हा त्यांना एकदम काहीतरी सुचलं.

"आणा, चहा आणा! मी पितो. आमच्यात नाही असं काही. आणा, इथीच आणा."

समताच्या मागे उभा असलेला प्रेमानंद आत गेला आणि चहा घेऊन आला. समताला वाटलं, हा का आणतोय? भगवानरावांनी कप घेतला, बेलच्या समोर येऊन नीट उभे राहिले, मान थोडी वर केली आणि मोठ्ठा भुरका मारला. मग दुसरा. मिशीला लागलेला चहा बोटाने पुसला आणि विचारलं, "येऊन राह्यलं ना रेकॉर्डिंग?"

कप बशीत ठेवून ते गेले. समताने तो उचलला नाही. दिवसभर काकूंची घाण वाटत होती. आता त्या कपाची त्याहून जास्त वाटली. काकूंनी निदान आपल्याला जे वाटतं ते तरी केलं होतं. शेवटी प्रेमानंदनेच तो कप धुतला.

"तुम्ही कायले आणला चहा?" तिने विचारलं.

"घरी आलेल्या माणसाने मांगतला," तो म्हणाला. "आपण आपलं सोडावं काय?"

गोष्ट कॉलनीत पसरली, सुवर्णाने पसरवली. मग विचित्र दिवस आले. समताच्या दारात जो येई तो बेलकडे तोंड करून बोलू लागला. वर्गणी मागायला आलेली मंडळी पाणी मागून घेत आणि ग्लास कॅमेऱ्यापुढे धरून घटाघटा पीत. एका बाईने बिस्किट दोन बोटांत धरून आधी दाखवलं आणि मग खाल्लं. सुवर्णाने तर विचारलं, "मी त्या दिवशी काही बोलली नव्हती, तेबी आलं ना त्याच्यात?" समताने पाणी विचारणंच सोडून दिलं. आईच्या घरी, वेचणीहून आलेल्या बायांनाही पंचफुला दारात माठातलं पाणी देत असे. ते सुटलं याचं तिला फार वाईट वाटलं. पण कोणाला पाणी देताना त्याच्या घशाची हालचाल बघावीशी वाटायची, आणि त्याचीच तिला शिसारी यायची.

बेल तिने काढली नाही. भगवानरावांनी कॉलनीच्या बैठकीत विषय काढला, तेव्हाही नाही. फक्त फोनवर येणाऱ्या सूचना बंद केल्या, आता ती नुसती वाजते. पावसाळा संपता संपता समोरच्या दुमजली घरालाही तशीच बेल लागली. बाजारातल्या दुकानाच्या माणसाकडून बसवून घेतली. त्या पाठोपाठ आणखी घरांना लागल्या. आता त्या गल्लीत ओट्यावर उभं राहून कोणी काही बोलत नाही. फाटकापासूनच चेहरे तयार होऊन येतात.

आशाकाकू दिसल्या की मान फिरवतात. त्यांच्या घरची लाइन गेली तर तक्रार कंपनीच्या नंबरवर नोंदवली जाते, आणि कधी कधी ती समताच्याच वाट्याला येते. ती खांबावर चढते, जोड नीट करते, उतरते आणि निघून जाते.

परवा गुरुवारच्या बाजारात भेंडी निवडताना अर्पिता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. सासू बरोबर नव्हती. थोडा वेळ तीही भेंडीच निवडत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "मी तवा काहीच बोलली नव्हती."

समताने एक जून भेंडी बाजूला टाकली. "हाव," ती म्हणाली. "पाह्यलं मी. नव्हती बोलली."

अर्पिता वाट बघत थांबली. समताने भेंडी तोलायला दिली, पिशवी पुढे केली, आणि भाजीवाली पैसे मोजत होती तोवर अर्पिता निघून गेली होती.