पाण्याखालचं काम

आमचा साडू गवंडी. माणूस इतका सरळ, की ओळंब्यालाही त्याच्यापुढे अवघडल्यासारखं व्हावं. समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्याची दुरुस्ती निघाली तेव्हा बुरुज एकाने घेतले, कोरीव खिडक्या दुसऱ्याने, आणि साडूच्या वाट्याला आला पाण्याखालचा पाया. रोज ओहोटीचे दोन-तीन तास काम, असं तीन वर्षं.

किल्ला खुला झाल्यावर तो सासऱ्यांना काम दाखवायला घेऊन गेला; बरोबर त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी. सासऱ्यांनी स्वतः चाळीस वर्षं थापी चालवलेली. जावयाच्या कामाला त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही. चांगलंही म्हटलं नाही. ते बघायचे आणि खोकायचे. त्या खोकल्याऐवजी एकदा शब्द ऐकावा, एवढीच साडूची बारा वर्षांची इच्छा.

आणि पोहोचले ऐन भरतीला. तीन वर्षं ओहोटीच्या तालावर जगलेला हा गडी, त्या दिवशी मात्र बसचं वेळापत्रक बघून निघाला होता.

"कुठाय तुझं काम?"

"या पाण्याखाली, अण्णा."

"वा. म्हणजे माशांसाठी केलंस."

"यांचं सगळं असंच," मेहुणी म्हणाली. "आमच्या लग्नाच्या फोटोतही यांचे नुसते केस आलेत."

मग दालनं पाहून झाली. सासरे प्रत्येक भिंतीसमोर एकदा खोकले. पायऱ्यांवर बसून तिघांनी डबा खाल्ला. पाणी एकेक पायरी उतरत होतं आणि साडू निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा त्याकडे टक लावून बसला होता.

चारच्या सुमारास पाया उघडा पडला. सासऱ्यांनी चपला काढल्या, विजार दुमडली आणि जावयाचा हात झिडकारून ते शेवाळलेल्या पायऱ्या उतरले. दगडांच्या सांध्यात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. रुतेना.

"चुना किती मुरवलास?"

"तीन महिने."

"चार हवा होता."

साडूने मान खाली घातली. पण सासरे काही वर येईनात. एकेक सांधा चाचपत पार कोपऱ्यापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. पाणी वळलं, घोट्याला लागलं.

"अण्णा, बस जाईल हं," मेहुणीने वरून हाक दिली.

"जाऊ दे. दुसरी असेल." मग भिंतीवरचा हात न काढता त्यांनी जावयाला विचारलं, "हा कोपऱ्यातला दगड कसा बसवलास रे? इकडे येऊन सांग."

एवढ्या वेळात ते एकदाही खोकले नव्हते, हे साडूच्या तेव्हा लक्षात आलं. तो बुटांसकट पाण्यात उतरला.