नवरदेव क्लॅरनेट वाजवतो

तीर्थपुरीच्या आमच्या बँडनं एकाच लग्नाचा मुहूर्त धोक्यात आणला, आणि ते लग्न माझं होतं.

डीजे यायच्या आधीची गोष्ट. बँड माझ्या चुलत्यांचा, म्हणजे आबांचा. अकरा जण, सगळे भावकीतले. एरवी शेती करायचे, लग्नसराईत लाल कोट चढवायचे. (कोट एकाच मापाचे होते, माणसं नव्हती.) क्लॅरनेटवर मी, बाकीचे माझ्यामागून यायचे. माझं लग्न राजूरला ठरलं तेव्हा मी भीतभीत म्हटलं, "आबा, दुसरा बँड सांगू या का?"

"घरचा बँड आस्ताना? लोकं तोंडात शेण घालतील. तुझ्या जागी संजू हाये की."

संजू माझा चुलतभाऊ. त्याला एकच गाणं बराबर येत होतं, तेही अर्धं. मारुतीच्या पाया पडून मी घोड्यावर बसलो, मिरवणूक मांडवाकडे निघाली आणि बाजारातच ते अर्धं गाणं संपलं. ढोल एकीकडे, ट्रंपेट दुसरीकडे! सासरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबांचा चेहरा मला बघवेना. त्यांनीच क्लॅरनेट वर दिलं.

"दोनच मिन्टं सावर. इज्जतीचा सवाल हाये."

मी सावरलं. (मुंडावळ्या मधूनमधून तोंडात जात होत्या.) वऱ्हाड नाचायला लागलं. नाचतनाचत मांडव आला, मी घोड्यावरून उतरलो आणि घोटाळा झाला.

आबांचे दोन नियम होते. नवरदेव मांडवात शिरेपर्यंत सूर तोडायचा नाही, अपशकुन होतो. आणि वाजवणाऱ्यानं मांडवात पाऊल टाकायचं नाही. मी दोन्ही होतो! दारातच उभा राहून वाजवत राहिलो.

गुरुजी घड्याळ दाखवून ओरडत होते. सासरे हात जोडून आबांपुढे आले. "पाव्हणं, मुहूर्त चाल्लाय. बंद करा आता."

"नवरदेव आत गेल्याबिगर कसं बंद करावं?"

"मंग त्याह्यला आत पाठवा की."

"कसं पाठवू? वाजवून राह्यलाय न्हाई का त्यो!"

खरं सांगतो, लग्न मोडतंय असंच मला वाटलं. नेमकं तेव्हाच सुनंदा, म्हणजे नवरी, हातातला हार करवलीकडे देऊन तरातरा दारात आली. तिनं क्लॅरनेट काढून संजूच्या हातात कोंबलं आणि मनगट धरून मला आत ओढलं. अक्षता पडल्या तेव्हा मुहूर्त जेमतेम शिल्लक होता.

आठ दिवसांनी मी हळूच विचारलं, "त्या दिशी लई राग आल्ता का?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "आतून ऐकलं तवा वाजवणारा लई आवडला. कोण हाये म्हून बघाया भाईर आले, तर तुम्हीच निघाले."