कंट्रोलर साहेब दवाखान्यात

सूर्य वेळेवर उगवतो तो केवळ मामाजींच्या धाकानं, याबद्दल आमच्या आर्णीत कुणालाच शंका नाही. मामाजी म्हणजे माझे सासरे, जन्मभर एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच स्टँड केलं. कुणाला आंघोळीला वेळ लागला की दाराशी शिट्टी, सासूबाईंची पूजा लांबली की "गाडी लेट आहे" अशी घोषणा.

त्यांची नात, माझी चिऊ, घरात अखंड बडबडायची आणि शाळेत तोंडच उघडायची नाही. यवतमाळच्या ज्या दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येत, तिथं खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "नंबर दिवाळीनंतर." बाहेर ऊन रणरणत होतं. "तवरक पोरीले मुकी ठेवू काय?" मामाजी गरजले आणि बाकावर ठाण मांडून बसले. दुपारपर्यंत त्यांना कळलं की नंबर लागलेली कितीतरी मुलं येतच नाहीत. कुणाची गाडी चुकते, कुणी तारीख विसरतं, आणि डॉक्टरीणबाई नुसत्या बसून राहतात. "सीटा खाली अन् स्टँडवर गर्दी!" मामाजी बाकावरून उठून थेट खिडकीशी गेले.

पुढच्या आठवड्यापासून राज्य त्यांचं. त्यांच्या कटकटीला कंटाळून खिडकीवरच्या बाईंनी फोनच त्यांच्या हाती दिला. "उद्या येऊन राह्यले ना? नसान येत तर सीट सोडा!" जवळच्यांना सकाळची वेळ, लांबच्या झरी जामणीकडच्यांना दुपारची. नावांऐवजी ते गावं पुकारत. "बोरी अरब, बोरी अरब!" ऐकून एक म्हातारबुवा पिशवी घेऊन थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले आणि खिडकीजवळची जागा मागू लागले.

पावसाळ्याआधीच चिऊचा नंबर आला. आम्ही उठलो, तोच झरीकडची एक बाई लेकराला कडेवर घेऊन धापा टाकत आली. तिची वेळ टळून गेली होती. मामाजींनी तिलाच आत धाडलं.

"मामाजी, आपला नंबर होता!"

"आपण पुढच्या खेपेले येऊ. ते पुन्हा कवा येईन?"

परतताना मी गाडीत मुद्दाम त्यांच्यापासून लांबच्या सीटवर बसले. चिऊ त्यांच्या मांडीवर झोपली होती.

पुढच्या खेपेला चिऊचे उपचार सुरू झाले. आता ती वर्गात इतकी बोलते की शाळेतल्या बाई तक्रार करतात. दवाखान्यात ते फोन आता खिडकीवरच्या बाई स्वतःच करतात, नंबरही लवकर लागतो. मामाजींची कुणाला गरज उरलेली नाही. तरी ते दर आठवड्याला इस्त्रीचा सदरा घालून निघतात.

"आता तिथं कायले जाता?" मी एकदा विचारलं.

"काही नाही वं," चपला घालत ते म्हणाले. "लेकरं बाहेर येतात ना, तवा त्यायचे तोंडं पाहतो."