हॉटेल विकणे आहे, पियानो नाही

“आधी सांगा, कुणी पाठवलं?”

कुणीही हॉटेलची पायरी चढला की मामांचा पहिला प्रश्न हा. चहाला थांबलेल्या ट्रकवाल्याला हाच आणि मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही हाच. डोळे बारीक करायचे, खांद्यावरचं फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायचे आणि उत्तराची वाट बघायचे. “कुणी नाही, माझा मीच आलो,” म्हटलं की संशय दुप्पट.

मी चालू धंदे विकून देतो. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणाला सलून विकायचंय, कुणाला पिठाची गिरणी, कुणाला हॉटेल, की फोन मला येतो. आमच्यात चालू हॉटेल ‘जसं आहे तसं’ विकायची रीत आहे. भट्टी, फ्रीज, टेबलं, पाण्याची टाकी, सगळं जागच्या जागी ठेवायचं, आणि मालकानं भिंतीवरचा देवाचा फोटो तेवढा काखेत मारून बाहेर पडायचं. मामांचं हॉटेल नदीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला. त्यांनी स्वतःच मला बोलावलं आणि आल्यावर विचारलं, कुणी पाठवलं! आता बोला.

तेव्हा त्यांनी चहा दिला. घोट घेतला तर साखरेचा पत्ता नाही. पण धंद्याची गोष्ट, पहिलीच भेट. मी म्हणालो, “एक नंबर चहा, मामा.” ते नुसते “व्हय का?” म्हणाले आणि कप उचलून नेला. तो चहा म्हणजे परीक्षा होती आणि मी नापास झालो होतो, हे मला फार उशिरा कळलं.

मी एकामागून एक गिऱ्हाईक नेत गेलो. प्रत्येकाला तोच बिनसाखरेचा चहा. प्रत्येक जण “फक्कड”, “लाजवाब” म्हणायचा, आणि तो गेल्यावर मामा मान हलवायचे. “ह्याला न्हाई द्यायचं. खोटारडा हाय.” पाच गिऱ्हाइकं अशी गेल्यावर मलाच संशय यायला लागला. म्हातारा दुसऱ्या एजंटाशी बोलतोय की काय? की विकायचंच नाही, नुसता आपल्याला झुलवतोय? वरची माडी तर कुणालाच दाखवायचे नाहीत. जिन्याला कडी, कडीला कुलूप.

म्हणून एके दिवशी न सांगता सकाळीच जाऊन धडकलो. गल्ल्यावर कुणी नाही, जिना उघडा आणि वरून टिंग, टिंग, टांग. मग शांतता. मग पुन्हा तेच. माझ्या मनात नाही नाही ते आलं. वर जाऊन बघतो तो मामा एका भल्यामोठ्या काळ्या पियानोपुढं बसलेले. पायात चप्पल नाही, अंगात बनियन, समोर तांब्याला टेकवलेला मोबाइल.

“कुणी पाठवलं?” ते दचकून ओरडले.

“मामा, हे काय?”

“शिकतोय,” ते म्हणाले. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता. मोबाइलमधल्या मास्तराकडं बोट दाखवून म्हणाले, “पन ह्या बाबाचा भरवसा न्हाई. डावा हात कॅमेऱ्यात घेतच न्हाई. कायतरी लपवतोय.”

मग सगळी गोष्ट बाहेर आली. मामा पोरवयात दौंडला रेल्वेच्या साहेब लोकांकडं चहाचे ट्रे उचलायचे. तिथं एक मडम रोज संध्याकाळी ह्याच पियानोवर एकच चाल वाजवायची. मामा दाराशी ट्रे धरून ऐकत उभे राहायचे, चहा गार व्हायचा, पण ती कधी रागावली नाही. पुढं ती परदेशी गेली. जाताना म्हणाली, हा तू ने, तूच ऐकायचास. 

“फुकाट देतीय म्हणल्यावर माजं डोकं फिरलं,” मामा म्हणाले. “म्हणलं, आत वाळवी असंल. न्हाईतर कुनाचं तरी लफडं असंल. तीन दिस आतनं बाहेरनं तपासला. तवर तिची गाडी निघून गेली. साधं थँक्यू म्हणायचं ऱ्हायलं बगा माजं.”

हे बोलताना त्यांनी फडकं तोंडावरून फिरवलं. घाम नव्हता आलेला.

हॉटेलवर स्लॅब टाकला तेव्हा तो पियानो क्रेननं वर चढवला आणि मग त्याच्याभोवती भिंती बांधल्या. अशी अक्कल! जिन्यातून तो उतरणं शक्यच नाही. तीस वर्षं त्याच्यावर जेवणाची ताटं रचली होती. मामी गेल्या, गुडघे गेले, दौंडला दिलेली मुलगी ‘हॉटेल विका आणि माझ्याकडं या’ म्हणून मागं लागली, आणि मामांना एकदम आठवलं की ती चाल आपल्याला वाजवायची राहिली. विकलं तर ‘जसं आहे तसं’मध्ये पियानोही जाणार. भिंत फोडून न्यावा तर मुलीकडं दोन खोल्या.

“मग करारात लिहू की,” मी म्हणालो. “रोज सकाळी सात ते आठ मामांना माडी उघडी.”

“कागद कोन पाळतं? आधी मानूस खरं लागतं.”

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात चहाचा उजेड पडला. मी विचारलं, “म्हणजे मी पहिल्या दिवशी...?”

“तुमीबी खोटंच बोललात की, एजंट,” मामा शांतपणे म्हणाले. लाज वाटली हो मला.

पुण्याहून सूर लावणारा बोलावला, तर मामा तीन तास त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. आतल्या तारा बदलून नेईल म्हणून! पण सूर लागल्यावर पहिली पट्टी दाबली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. “असाच होता,” म्हणाले, “अक्षी असाच.”

सहावं गिऱ्हाईक राहू गावची एक बाई होती. गुऱ्हाळावर पंधरा माणसांचा स्वयंपाक करणारी, पदर खोचलेली, बोलायला फटकळ. मामांनी चहा दिला. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “मामा, साखर इसरलाय का तुमच्याकडं पद्धतच न्हाई? असला चहा पाजून हॉटेल इकताय व्हय?”

मामा इतके हसले की ठसका लागला. तिथंच सौदा ठरला. माडी दाखवल्यावर ती म्हणाली, “या की रोज. मला काय त्रास हाय? फकस्त दुपारी जेवनाच्या गर्दीत वाजवू नका.”

पुढं वर्षभर मामा दौंडहून पहाटेची एसटी धरून यायचे. एकदा मला वर बोलावलं आणि ती चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली, दोन्ही हातांनी. मग वळून डोळे बारीक केले. “कसं वाटलं?”

‘एक नंबर’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हणालो, “मामा, डावा हात मागं पडतोय.”

“पडतोयच!” ते खूश होऊन म्हणाले. “पैल्यांदा खरं बोललात.” आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले.

गेल्या थंडीत मामा गेले. डावा हात बरोबर आला की नाही, ते मला ठाऊक नाही. महिनाभरानं मी सकाळी त्या रस्त्यानं जात होतो, तर गाडी आपोआप पुलापलीकडं थांबली. सात वाजून गेले होते. जिन्याच्या पायऱ्यांवर ताटांच्या चळती रचल्या होत्या, चढायला एका माणसापुरती वाट ठेवलेली. वर माडीचं दार सताड उघडं, पियानो पुसलेला, त्याच्यावर एक वाटीसुद्धा नाही.

खाली येऊन बसलो. बाईनं चहा आणून ठेवला. घोट घेतला आणि म्हणालो, “साखर नाही यात.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “मामा सांगून गेल्यात. एजंट आला की पैला कप असाच द्यायचा. त्याची खोड मोडली का बगायचं, म्हणलं.”

गेला तरी म्हाताऱ्याचा माझ्यावर भरवसा नाही, बघा! ती साखरेचा डबा घेऊन आली. मी कपावर हात ठेवला आणि तो चहा तसाच, तळापर्यंत प्यायलो.