चष्मेकाकांचं पॅकेज

चष्म्याच्या दुकानांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या या गृहस्थांना सगळे चष्मेकाका म्हणत, पण त्यांच्या स्वतःच्या नाकावर चष्मा नव्हता. गिऱ्हाइकांचे नंबर जपून ठेवणारा तो प्रोग्राम बसवायला ते दुकानोदुकानी स्वतः जात. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी ठरवलं की तो आता पॅकेज करून, म्हणजे कोणालाही बसवता येईल असा बांधून, लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या सार्वजनिक भांडारात ठेवायचा. मग दुकानदार आपला आपण उतरवून घेतील आणि काकांचे जिने वाचतील.

भांडारात येणारं पॅकेज तपासणाऱ्या बाई खमक्या निघाल्या. संगणकात आधीच असलेल्या गोष्टी पुन्हा सोबत कशाला आणल्यात, प्रोग्राम काढल्यावर मागे कचरा का राहतो, असं विचारून त्यांनी पॅकेज परत पाठवलं. काकांचा पारा चढला. त्यांचा प्रोग्राम काढून टाकायचं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण काका गरजेपोटीच नियम शिकायला बसले. जादाचं सामान काढलं, आणि ईर्ष्येने अशी साफसफाई लिहिली की मागे धूळही उरू नये.

चाचणीला बायकोला बसवलं. तिने दुपारभर साऱ्या गोतावळ्याचे नंबर भरले, धाकट्या जावेच्या नावापुढे 'नंबर कमी, नखरे जास्त' असा शेराही मारला. मग प्रोग्राम काढला आणि पुन्हा बसवला. आत एक नाव शिल्लक नव्हतं.

"अहो, पाहुणा जाताना आपली पिशवी नेतो," ती म्हणाली. "तुमचा तर घरची भांडीही घेऊन गेला."

हे पॅकेज दुकानांत गेलं असतं, तर कोणी प्रोग्राम काढताच वर्षानुवर्षांचे नंबर एका फटक्यात पुसले गेले असते. काकांनी ती साफसफाई प्रोग्रामच्या स्वतःच्या सामानापुरतीच ठेवली आणि बायकोकडून पुन्हा सगळं भरून, प्रोग्राम काढून, परत बसवून घेतला. या खेपेला जाऊबाई शेऱ्यासकट जागेवर राहिल्या. तपासणीच्या बाईंनीही पॅकेज पास केलं.

काही महिन्यांनी काकांकडच्या सर्वांत जुन्या दुकानदार बाईंचा फोन आला. त्या चाचरतच बोलत होत्या. भाच्याने नवा प्रोग्राम केलाय, म्हणून काकांचा काढून टाकला; नंबर मात्र सगळे जिथल्या तिथे सापडले, तेवढं कळवावंसं वाटलं.

काका आता तडकणार, म्हणून बायको चहा घेऊन दारातच थबकली.

"सोडून गेल्या?"

"गेल्या," काका म्हणाले. "पण त्यांचं काही गेलं नाही."

आणि त्यांना खरोखरच फार बरं वाटत होतं.