काका, चाचा आणि जानेवारीचे डबल्स

टेनिसवरून घरात अबोला धरणारा माणूस अख्ख्या भिवंडीत एकच असणार, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आला. आमच्या काल्हेरमध्ये माणसं क्रिकेटवरून भांडतात, कबड्डीवरून भांडतात, गोडाऊनसमोर कुणाचा ट्रक आडवा लागला म्हणून तर रोजच भांडतात. पण कुठल्याशा परदेशी खेळाडूने डोक्यावरून जाणारा बॉल 'तुझा, तुझा' म्हणत जोडीदारावर ढकलला, म्हणून संध्याकाळपर्यंत जेवणाच्या ताटाकडे न बघणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लग्न ठरवायला हे लोक मला बघायला आले, तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. काका कोपऱ्यातून म्हणाले, "दोघांच्या मधी बॉल पडला तं तू घेशील का सोडशील?" मी गोंधळून "घेईन" म्हटलं. "पोरगी चांगली हाय," असं जाहीर करून ते पोहे खायला लागले. माझं लग्न त्या एका उत्तरावर जमलं, असं ते नंतर सगळ्यांना सांगत असत.

हे वेड त्यांना जडलं ते मोटरसायकलवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये गेला तेव्हा. टीव्हीचं रिमोट बिघडलं होतं आणि एकच चॅनेल लागत होतं. जानेवारी महिना होता आणि त्यावर ऑस्ट्रेलियातलं टेनिस चाललं होतं. प्लॅस्टर निघालं, नवं रिमोट आलं, पण काका त्या चॅनेलवरून उठले नाहीत. त्यातही त्यांना हार्ड कोर्टच हवं. "माती न्हाय, गवत न्हाय. आपल्या गोडाऊनच्या लादीवानी जमीन. बॉल पडला की जसा हाय तसाच उडनार, लबाडी न्हाय." आणि त्यातही हवे ते डबल्स. एकेरीबद्दल त्यांना तिटकाराच होता. दोन माणसं भांडतात आणि बाकीचे कडेला बसून बघतात, हे तर आपल्या पाड्यात रोज बघायला मिळतं, त्यासाठी ऑस्ट्रेलियाला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. पण दोन माणसांनी एका बाजूला उभं राहून, एकमेकांच्या अंगावर न पडता, एकमेकांच्या चुका पोटात घालून खेळायचं, हे त्यांना जगातलं नवल वाटे. चॅनेलवाले मात्र डबल्स क्वचितच दाखवत. मग काका केबलवाल्याला फोन करून, जणू तो मेलबर्नहून बोलत असावा अशा थाटात खडसावत. शेवटी माझ्या नवऱ्याने मोबाईलवरचं चित्र टीव्हीवर आणायची सोय करून दिली, तेव्हा कुठे केबलवाल्याची सुटका झाली.

काकांच्या या संसारातले जोडीदार म्हणजे नारपोलीचे चाचा. त्यांचा यंत्रमागाचा कारखाना होता आणि त्यांच्या कापडाच्या गाठी आमच्या गोडाऊनमध्ये पडत, एवढीच मूळची ओळख. पाय मोडला म्हणून ते केळी घेऊन भेटायला आले, मॅच संपेपर्यंत बोलता येणार नाही असं काकांनी हातानेच खुणावलं, म्हणून ते बसले, आणि मग दर जानेवारीत बसतच राहिले. सकाळी नाश्ता करून ते स्कूटरवरून येत. सोबत चाचींनी दिलेला डबा असे आणि चाचींचा निरोपही असे: डबा तेवढा परत पाठवा, माणूस ठेवून घेतला तरी चालेल.

चाचांना डबल्सचं काही वाटत नसे. त्यांचा सगळा जीव नव्या पोरांत. कुठल्याही देशाचं, मिसरूड न फुटलेलं एखादं पोरगं पहिल्या फेरीत दिसलं की चाचा त्याला दत्तक घेत. "ये लडका देखो. दो साल में दुनिया इसके पीछे भागेगी." परदेशी नावं दोघांनाही उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी आपलीच नावं पाडलेली. एक होता 'शिडी', एक 'उलटी टोपी', आणि प्रत्येक सर्व्हिसच्या आधी बॉल आपटत बसणारा एक 'धोबी'. चाचांनी दत्तक घेतलेलं पोरगं बहुतेक दुसऱ्या फेरीत हरे, नाहीतर पुढच्या वर्षी पाठ धरून घरी बसे. काका म्हणत, "तुझी नजर लागते त्यांना. माझ्या जोड्यांकडं बघू नको." मग चाचा मुद्दाम काकांच्या जोडीचं कौतुक करत, काका टीव्हीसमोर आडवे उभे राहत, आणि तेवढ्यात मॅच पॉइंट निघून जाई.

चाचा बहिरे होते. उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यावर नारपोलीत कान धड राहिलेला माणूस विरळाच. चाचा समोरच्याचे ओठ वाचत आणि स्वतः मात्र गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं बोलत. "शिडी ने मारा! सीधा लाइन पे! धोबी पीछे रह गया!" असा पुकारा सुरू झाला की शेजारची बाई खिडकी लावून घेई. काका खेळाच्या भरात चाचांच्या गुडघ्यावर थापा मारत. बॉल बाहेर गेला की एक, पॉइंट मिळाला की दोन, आणि सर्व्हिस जाळीला चाटून गेली की दोन लगोलग आणि थोडं थांबून तिसरी. आम्ही हे सगळं म्हातारपणचं खूळ समजून हसत होतो.

मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले. चाचा अजून यायचे होते. टीव्हीचं चित्र गेलेलं, पडदा काळा, नुसता आवाज चालू होता. काका त्या काळ्या पडद्याकडे पुढे वाकून, हनुवटीला हात लावून बघत होते.

"काका, चित्र गेलंय," मी म्हटलं.

ते दचकले. "कव्हा?"

मी कप खाली ठेवला. त्या एका शब्दात सगळं कळलं. शुगरने त्यांच्या डोळ्यांचे पडदे कधीच खाल्ले होते. डॉक्टरांकडे ते एकटेच जाऊन आले होते आणि घरात कुणालाही काही बोलले नव्हते. उरला होता थोडा उजेड आणि हलत्या सावल्या. चाचा आल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारलं, तुम्हाला माहीत होतं? आयुष्यात पहिल्यांदा चाचा हळू बोलले. "दो साल से. बोलना मत. वो समझता है मुझे पता नहीं." म्हणजे तो पुकारा बहिरेपणाचा नव्हता. आणि कॉमेंट्री करणारा काय म्हणतोय, अंपायरने काय पुकारलं, हे चाचांना काकांच्या थापांवरून कळत होतं. दोघांनी मिळून एक मॅच बघायची आणि दोघांनीही एकमेकांना तसं जाणवू द्यायचं नाही, असं ते चाललं होतं. मी त्यांना पुन्हा कधी हसले नाही.

ते घडलं तेही जानेवारीतच. त्या दिवशी काकांच्या आवडत्या जोडीची मॅच होती आणि चाचा आले नव्हते. काका चिडून दाराकडे कान लावून बसले होते. पहिला सेट अर्धा झाला असेल, तेवढ्यात माझ्या नवऱ्याला फोन आला. नारपोलीत चाचांच्या कारखान्याची इमारत बसली होती. खाली माग, वर राहण्याच्या खोल्या. चाचा आणि चाची आत होते.

काका म्हणाले, "मी येनार." कुणी नको म्हणायच्या आत ते अंगणात जाऊन शेजाऱ्याची उभी रिक्षा चाचपत होते.

तिथे गल्लीत धुळीचा लोट होता आणि माणसांवर माणसं. तीन मजल्यांचा ढीग एका मजल्याएवढा झाला होता. बचाव पथकाचा साहेब मधूनमधून सगळी यंत्रं बंद करायला लावी, गर्दीला गप्प करी आणि फटीत तोंड घालून ओरडे, "कोई है? आवाज दो!" सगळी गल्ली श्वास धरून उभी राही. आतून काही येत नसे. मग पुन्हा यंत्रं सुरू होत. तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा काकांनी माझा हात सोडला आणि आवाजाच्या रोखाने चालत गेले.

"साहेब, तो बहिरा हाय. हाका मारून काय उपयोग? ठोका, अंगाला कळंल त्याला."

साहेबाने या काळ्या चष्म्यातल्या म्हाताऱ्याकडे क्षणभर पाहिलं. "कहाँ ठोकें, बाबा?"

"जो खांब आत गेलाय त्याच्यावर. दोन लगोलग, मंग थांबून एक."

एका जवानाने घणाने ठोकलं. दोन, मग एक. काका धुळीत आडवे झाले आणि त्यांनी कान लादीला लावला. पुन्हा ठोकलं. काकांनी हात वर केला. कितीतरी वेळ त्यांचा हात तसाच वर होता. मला वाटलं, आता यांना कुणीतरी उठवायला हवं. मग ते म्हणाले, "हाय. जिता हाय. मनात येईल तसा ठोकतोय तो, पन ठोकतोय." असं म्हणताना त्यांनी डाव्या अंगाला बोट केलं.

चाचा बाहेर निघाले तेव्हा दुपार कलली होती. खुबा मोडला होता, अंगावर पांढरी धूळ. चाची त्यांच्या शेजारीच होत्या. त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या तोंडावर कुणीतरी लगेच ओढणी घातली. चाचांनी स्ट्रेचरवरून ते पाहिलं. काकांनी विचारलं, "भाभी?" मी त्यांचा हात धरला. ते समजले आणि त्यांनी स्ट्रेचरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. जवानांनी समजावून तो सोडवून घेतला.

त्यानंतर चाचा बोललेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, जबड्याला, जिभेला काही झालेलं नाही. मुलीने त्यांना मालेगावला आपल्या घरी नेलं. काका फोन करायला सांगत, पण बहिऱ्या माणसाला फोन काय करणार, आणि चिठ्ठी पाठवावी तर काकांना लिहिता येईना. वर्षभर ते टीव्हीजवळ गेले नाहीत. कुणी टेनिसचं नाव काढलं की म्हणत, "आता काय बघायचं."

पुढचा जानेवारी आला तेव्हा मीच चाचांच्या मुलीशी बोलून व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, चाचांना दिसेल, काकांना ऐकू येईल. तिकडे चाचा खाटेवर भिंतीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली. काका फोनसमोर बसून एकटेच बोलत राहिले. शिडीने खेळ सोडला म्हणे, धोबी हरला. मागे टीव्हीवर कुणी कोवळा पोरगा खेळत होता, तर काकांनी चक्क एकेरीचंही बोलून पाहिलं. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. असं रोज चालायचं. मुलगी तिकडे फोन धरून अवघडायची, मी इकडे. शेवटी मलाच वाटायला लागलं की आपण दोन म्हाताऱ्यांचा छळ मांडलाय.

एके सकाळी ढग होते. काका नेहमीसारखे बोलत होते. पलीकडे चाचा पडद्याच्या अगदी जवळ वाकलेले दिसले, डोळे बारीक करून. आणि मग त्यांचा घोगरा, न वापरलेला आवाज आला.

"अंधेरे में बैठे हो. मुँह नहीं दिखता."

काका बोलता बोलता थांबले. त्यांना उजेड आणि अंधार आता सारखाच होता, आणि खोलीत दिवा नाही हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मग त्यांनी केसांवरून हात फिरवला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"सूनबाय," ते म्हणाले, "दिवा लाव. सगळे लाव."

मी होते तेवढे दिवे लावले, खिडकीचा पडदा सारला. काका ताठ बसून राहिले. त्यांचं तोंड फोनच्या जरा डावीकडे वळलं होतं. मी हनुवटीला हात लावून ते हळूच सरळ केलं.