मायचे गुडघे आणि चार खिडक्या

मायला घेऊन निघालो तेव्हा गावच्या घरात छतापर्यंत कापूस भरला होता. तिच्या खोलीला एकच खिडकी, तीही कापसानं झाकलेली. आत जीव कोंडायचा. गुडघे पार झिजलेले. समुद्रपूरला एसटीच्या पायरीवर तिला दादा-वहिनीनं धरून चढवलं.

"मी काऊन जाऊ? मले इथं काय कमी हाये?" ती म्हणाली.

माझ्या लग्नानंतर त्याच स्टँडवर तिनं मला "लवकर येजो" म्हटलं होतं. आता मीच तिला सिंदी मेघेला, माझ्या घरी आणत होते.

आमच्या घराला चार खिडक्या. वाटलं, मोकळ्या हवेत माय खुलेल. शेक दिला, व्यायाम करवला, दुखणं थोडं उतरलं. पण ती गप्प होत गेली. मेथी निवडताना देठ ठेवायची, पानं टाकायची.

माझी मुलगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. एकदा तिनं समजावलं, गुडघ्यात हाडांवर कूर्चेची गादी असते. तिच्यात रक्त जात नाही, हवा फार थोडी पोचते. हवा कमी आहे, असा पेशीला आतून इशारा मिळतो आणि त्यावरच ती कूर्चा सांभाळते. झिजलेल्या गुडघ्यात हे इशारे बिघडतात. कसे, ते अजून शोधताहेत.

"आणि आई, त्या पेशी बाहेर काढून भरपूर हवेत वाढवल्या ना, तर आपलं कामच विसरतात."

मी गॅस बंद केला. "मायले घरी नेऊ."

"अवं, मी गुडघ्याचं सांगून राह्यली!"

"कळलं मले."

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात, पऱ्हाटीच्या झाडापाशी दहीभात ठेवतात. त्या दिवशी आम्ही तिला नेलं. दादानं शेतात खुर्ची ठेवली. वहिनी दहीभात ठेवायला वाकली, तोच माय ओरडली, "तिथं नाई वं, धुऱ्याजवळ! इतकी वर्सं झाली, अजून शिकली नाई!"

वहिनी दहीभात घेऊन शेताच्या बांधाकडे गेली, हसता हसता रडली. किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

मग माय माझ्याकडे वळली. "तू कोणाची वं?"

"तुहीच पोरगी, माय."

"मंग बस ना खाली."

माझेही गुडघे आता वाकत नाहीत. मी तिच्या खुर्चीला धरून उभीच राहिले.

तिला दादाकडेच ठेवून आले. घर पुन्हा कापसानं भरलं तेव्हा ती वारली, त्याच खोलीत.

इथे माझ्या घरी खिडक्या उघड्या असतात, वारा खेळतो. वेचणीचे दिवस आले की मी दहीभात कालवते आणि वाटी हातात घेऊन थांबते. धुरा कुठे आहे, ते मला ठाऊक आहे.